रोव्हर आज किती चालला? पर्सिव्हरन्सचा माग मुंबईत बसून कसा ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दादरच्या एका शाळेतल्या खगोल मंडळाला 'पर्सिव्हरन्स' रोव्हरचा मंगळावरचा रोजचा प्रवास भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या लावून दाखवायचा आहे. सुरुवात केल्यावर तीन अडचणी आल्या. नासाच्या नकाशावरचं रोव्हरचं चिन्ह दोन-तीन दिवस जागचं हलत नाही. फोटो रोज येतात, पण एकाच दिवशी आलेल्या फोटोंत दोन वेगळ्या जागा दिसतात. आणि अक्षांश-रेखांशावरून काढलेलं अंतर नासाच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट भरतं.

यातल्या पहिल्या दोन अडचणींतला गोंधळ नोंद ठेवण्याच्या पद्धतीने वाढतो. वहीत पहिल्या रकान्यात आपली तारीख लिहिली की घोळ सुरू होतो. तिथे सोल लिहा, आणि शेजारच्या रकान्यांत साइट आणि ड्राइव्ह हे दोन क्रमांक. रोव्हर चालवणारी मंडळीही जागा याच दोन क्रमांकांनी ओळखतात. प्रत्येक फोटोच्या नावात आणि नकाशाच्या प्रत्येक बिंदूत ते दिलेले असतात. फोटो पृथ्वीवर कधी पोचला आणि पानावर कधी चढला, याने मग काही बिघडत नाही.

सोल म्हणजे मंगळावरचा एक दिवस, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. रोव्हर उतरला तो दिवस सोल ०. पर्सिव्हरन्सच्या सोल ० ची मध्यरात्र, म्हणजे सोल जिथून मोजायचा तो क्षण, आपल्या घड्याळात १८ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ९ वाजून ५४ मिनिटं १५ सेकंदांनी येतो. एक्सेलमध्ये एका चौकटीत ही तारीख-वेळ टाका, दुसऱ्या चौकटीत आत्ताची. वजाबाकी करा आणि उत्तराला १.०२७४९१२५१७ ने भागा. पूर्णांक म्हणजे सोल. दशांश चिन्हापुढचा भाग गुणिले २४ म्हणजे रोव्हरच्या जागी किती वाजले ते. मंगळावरच्या दुसऱ्या रोव्हरसाठी, 'क्युरिऑसिटी'साठी, सूत्र हेच, फक्त सुरुवात ५ ऑगस्ट २०१२, सायंकाळी ७:१९:५९ अशी घ्यायची. दोन्ही रोव्हरमध्ये रेखांशाचा सुमारे ६० अंशांचा फरक आहे, त्यामुळे क्युरिऑसिटीकडे सूर्य साधारण चार तास आधी उगवतो.

सूत्र बरोबर बसलंय का, हे एका माहीत असलेल्या दिवसावर तपासा. पर्सिव्हरन्सने एका सोलमध्ये ४११ मीटर चालून विक्रम केला तो सोल १५४०, आणि नासाने त्याची तारीख १९ जून २०२५ दिली आहे. सूत्रात २० जून २०२५, सकाळी ६:१८ टाकलं तर १५४०.५० येतं, म्हणजे सोल १५४० ची भर दुपार. मुंबईत २० तारखेची सकाळ होती, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या पासाडेनात, जिथून जेपीएल ही नासाची प्रयोगशाळा हा रोव्हर चालवते, १९ तारखेची संध्याकाळ होती. दोन्ही तारखा खऱ्या. भांडण नको म्हणूनच सोल.

पर्सिव्हरन्स जिथे उतरला त्या जेझेरो विवरातली दुपार आपल्या घड्याळात रोज सुमारे ४० मिनिटं पुढे सरकते आणि ३७ दिवसांत पूर्ण फेरा मारून परत तिथेच येते. मुलांना रोज वेगळ्या वेळी बसवायची गरज नाही. शाळा सुटल्यावर ठरलेल्या वेळी नोंद घ्या, पण त्या क्षणाचा सोल सूत्राने काढून मगच फोटोंचं पान उघडा. या ३७ दिवसांच्या फेऱ्यात एकदा असंही होईल की कालचा आणि आजचा सोल एकच येईल. तो सूत्राचा दोष नव्हे.

आता चिन्ह का हलत नाही ते पाहू. एक कारण साधं आहे: रोव्हर रोज चालतच नाही. दिवसाचा क्रम साधारण असा असतो. मंगळावरच्या सकाळी पृथ्वीवरून आज्ञा पोचतात. उन्हं चढल्यावर, बहुधा माध्यान्हीच्या आसपास, रोव्हर चालतो, थांबल्यावर नव्या जागेचे फोटो घेतो. मग दुपारी डोक्यावरून जाणारं एखादं कक्षायान ती माहिती उचलतं आणि पृथ्वीकडे पाठवतं. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरची कक्षा अशी बांधली आहे की ते तिथल्या दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या सुमारास वरून जातं. दुपारच्या या खेपेतून रोव्हर नेमका कुठे थांबला हे कळलं तरच दुसऱ्या दिवशीचा रस्ता आखता येतो.

पासाडेनाची माणसं पृथ्वीच्या दिवसपाळीत काम करतात. उन्हाळ्यात पासाडेना आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. तिथली सकाळची पाळी बसते तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेआठ-साडेनऊ वाजलेले असतात. मंगळावरची दुपारची खेप आपल्या दुपारी किंवा संध्याकाळी उतरत असेल, तर त्यांच्या टेबलावर ताजी माहिती असते आणि लागोपाठच्या सोलना रोव्हर चालू शकतो. तीच खेप आपल्या मध्यरात्रीनंतर ते सकाळपर्यंत उतरू लागली की तिथली पाळी निम्मी उलटलेली किंवा संपलेली असते. अशा दिवसांत एकदम दोन सोलचा बेत आखतात: एकात चालणं, दुसऱ्यात जागच्या जागी निरीक्षणं. शनिवार-रविवारसाठी शुक्रवारीच तीन सोलचा बेत पाठवण्याची पद्धत आहे. नियम ढोबळ आहे, कारण पर्सिव्हरन्स स्वतः रस्ता शोधू शकतो आणि ताज्या माहितीवाचूनही त्याला पुढे पाठवता येतं. तरी मुलांना आदल्या दिवशी 'उद्या चालेल की नाही' याचा अंदाज बांधायला हा नियम उत्तम आहे. अंदाज आधी लिहून ठेवा, मग ताडून पाहा. या सगळ्या उपक्रमात मुलं इथेच सगळ्यात जास्त रमतील.

चिन्ह न हलण्याचं दुसरं कारण म्हणजे नकाशा फोटोंच्या मागून येतो. रोव्हर चाकांच्या फेऱ्या आणि कॅमेऱ्याची चित्रं यांवरून आपली जागा स्वतः मोजतो, पण त्यात थोडी थोडी चूक साठत जाते. म्हणून थांबल्या जागेचे नॅव्हकॅमचे, म्हणजे रस्ता पाहणाऱ्या कॅमेऱ्याचे, फोटो वरून पाहिल्यासारखे पसरवून ते कक्षेतल्या हायराइज कॅमेऱ्याच्या चित्राशी, जिथे एक पिक्सेल सुमारे २५ सेंटिमीटरचा आहे, जुळवले जातात. दगडाला दगड जुळला की मग नकाशावर बिंदू पडतो. या कामाला वेळ लागतो, शनिवार-रविवार मध्ये आला तर आणखी. तेव्हा रोव्हर हलला का याचं पहिलं उत्तर फोटोंच्या नावात शोधायचं आणि कुठे पोचला याचं उत्तर नकाशावर, हा क्रम ठेवा.

फोटोचं नाव लांबलचक दिसतं, पण वाचायला सोपं आहे. पर्सिव्हरन्सच्या नावात पहिली दोन अक्षरं कॅमेऱ्याची: एन-एल म्हणजे डावा नॅव्हकॅम, एन-आर उजवा, एफ-एल आणि एफ-आर पुढचे हॅझकॅम, म्हणजे चाकांजवळचे अडथळे पाहणारे कॅमेरे, आर-एल आणि आर-आर मागचे. मग चार आकडी सोल. त्यानंतर दहा आकडी संख्या म्हणजे रोव्हरचं घड्याळ: १ जानेवारी २००० च्या दुपारपासून मोजलेले सेकंद. समजा तिथे ०६७१३८२०४३ आहे. त्यात ९४६७२८००० मिळवले की संगणकातला नेहमीचा युनिक्स टाइम मिळतो, आणि तो ११ एप्रिल २०२१, आपल्या सकाळी साडेआठचा निघतो. वरच्या सूत्रात घातला तर सोल ५०, तिथली दुपारी सव्वा वाजताची वेळ. मिनिटभराचा फरक राहतो, तो आपल्या कामाला चालतो.

त्यापुढे तीन अक्षरी सांकेतिक शब्द येतो, मग एन किंवा टी हे अक्षर. टी म्हणजे अंगठ्याएवढं लहान चित्र, जे रोव्हर आधी पाठवतो. त्या अक्षराला लागूनच सात आकडे असतात आणि आपलं सगळं काम त्यांच्यावर चालतं. पहिले तीन साइट, पुढचे चार ड्राइव्ह. ००३१९५० म्हणजे साइट ३, ड्राइव्ह १९५०. ड्राइव्हचा आकडा रोव्हरच्या हालचालींबरोबर वाढतो. ते मीटर नव्हेत, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. जागेच्या मोजणीतली साठलेली चूक पुसून नव्याने सुरुवात करायची असते तेव्हा साइट एकने वाढते आणि ड्राइव्ह शून्यावर येतो. क्युरिऑसिटीच्या नावात सोल लिहिलेला नसतो, घड्याळाचे आकडे नऊ असतात, पण साइट-ड्राइव्हचे सात आकडे तसेच असतात.

आता दोन जागांचा गोंधळ सुटतो. सोलच्या सुरुवातीच्या फोटोंत एक ड्राइव्ह क्रमांक आणि शेवटच्या फोटोंत मोठा क्रमांक दिसला तर त्या दिवशी रोव्हर चालला. दिवसभर एकच क्रमांक असेल तर जागचा हलला नाही. मधल्या क्रमांकांचे फोटो असतील तर ते वाटेत घेतलेले. सगळ्या फोटोंना एकदम पाठवायला जागा नसते, महत्त्वाचे आधी निघतात आणि उरलेले काही दिवसांनी, कधी त्याहून उशिरा सावकाश येतात. म्हणून आज पानावर चढलेल्या फोटोंत चार सोलपूर्वीची जागा दिसणं अगदी स्वाभाविक आहे. पानावर 'नवीन आधी' असा क्रम न ठेवता सोल निवडून पाहा. नॅव्हकॅमचं मोठं चित्र बऱ्याचदा साधारण १२८० बाय ९६० पिक्सेलच्या तुकड्यांत येतं, तेव्हा एकसारख्या वेळेचे अनेक फोटो दिसले तर ते एकाच दृश्याचे भाग समजा.

नोंद पक्की करायला नकाशामागची जिओजेसन फाइल, म्हणजे नकाशावरच्या बिंदूंची यादी, वापरा. पर्सिव्हरन्सची एम-२० वेपॉइंट्स या नावाची ही फाइल उघडपणे उतरवता येते आणि साध्या नोटपॅडमध्येही वाचता येते. प्रत्येक थांब्याला सोल, साइट, ड्राइव्ह, रेखांश, अक्षांश, उंची, रोव्हरचं तोंड कुठे आहे, तो किती कलला आहे आणि त्या टप्प्यात किती मीटर चालला हे सगळं दिलेलं असतं. यात तीन ठिकाणी हमखास चुकतं. जिओजेसनमध्ये रेखांश आधी येतो, अक्षांश नंतर. सुरुवातीच्या थांब्यांची उंची उणे अडीच हजार मीटरच्या घरात दिसेल. मंगळावर समुद्र नाही, तेव्हा ठरवलेल्या एका सरासरी पृष्ठभागापासून ती मोजतात, आणि जेझेरोचा तळ त्याच्या तेवढा खाली आहे. तिसरं, काही ओळींपुढे 'साइट वाढवली, हालचाल नाही' अशा अर्थाची टीप असते. तिथे टाचणी लावू नका.

आता दुप्पट अंतराचा प्रश्न. पर्सिव्हरन्स १८.४ अंश उत्तर, ७७.४५ अंश पूर्व इथे उतरला. हेच आकडे पृथ्वीच्या नकाशात टाकले तर बोट पडतं उदगीर-देगलूरच्या पट्ट्यात, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेजवळ. मुलांना हे सांगा, त्यांना मंगळाचे अक्षांश-रेखांश कायमचे लक्षात राहतील. पण अंतर मात्र त्या नकाशावर मोजू नका. पृथ्वीवर अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, मंगळावर ५९.३ किलोमीटरचा. मंगळ लहान आहे, म्हणून पृथ्वीच्या नकाशावर मोजलेलं अंतर १.८८ पट भरतं. 'जवळजवळ दुप्पट' आलं ते इथून. हिशोब असा ठेवा: जेझेरोत अक्षांशाचा ०.००१ अंश म्हणजे ५९.३ मीटर, रेखांशाचा ०.००१ अंश म्हणजे ५६.२ मीटर. याहून सोपं म्हणजे त्याच फाइलमधले ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) हे आकडे घ्या. ते थेट मीटरमध्ये आहेत. दोन थांब्यांच्या आकड्यांतला फरक काढून पायथागोरस लावला की सरळ रेषेतलं अंतर मिळतं. नववी-दहावीच्या मुलांना हे स्वतः करता येतं. हे अंतर फाइलमधल्या चाललेल्या मीटरपेक्षा कमीच असेल, कारण रोव्हर दगडांना वळसे घालत जातो. दोन्हींचं गुणोत्तर लिहून ठेवलं तर कुठला टप्पा सपाट होता आणि कुठला खडकाळ, हे नकाशा न पाहताही कळतं.

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्रकल्पाची निर्देशांक पद्धत मंगळाची निवडा. खगोल संघटनेच्या २०१५ च्या यादीत तिचा क्रमांक ४९९०० आहे. नेहमीची पृथ्वीची पद्धत तशीच राहिली तर रेषा ठीक दिसते, मापं मात्र सगळी चुकतात, आणि म्हणूनच ही चूक उशिरा पकडली जाते.

भिंतीवरच्या नकाशासाठी १ सेंटिमीटरला ५० मीटर हे प्रमाण सोयीचं. शंभर मीटरची चाल दोन सेंटिमीटर दिसते, विक्रमी ४११ मीटर सव्वाआठ सेंटिमीटर. पुढचा भाग लागेल तसा नवा तुकडा जोडा आणि शेजारी संपूर्ण मार्गाचा छोट्या प्रमाणातला एक नकाशा ठेवा. छपाई फ्लेक्सवर करून सनबोर्डवर चिकटवा. साध्या पुठ्ठ्यावरचा कागद मुंबईच्या पावसाळ्यात फुगतो आणि पट्टीने मोजलेली जागा मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकते. या प्रमाणात ते दहा मीटरपर्यंत जातं. काहीही वापरलं तरी चौकटीच्या रेषा छापील चित्रातच हव्यात, म्हणजे फुगलं तर रेषाही बरोबर सरकतील. टाचण्या प्लास्टिकच्या डोक्याच्या घ्या. सोल क्रमांक टाचणीवर न लिहिता शेजारी चिठ्ठीवर लिहा.

चाल झाली हे नोंदवून थांबू नका, ती कशी झाली तेही फोटोंत दिसतं. यासाठी क्युरिऑसिटीचा मागचा हॅझकॅम पाहा. त्याची चाकं ५० सेंटिमीटर व्यासाची आणि ४० सेंटिमीटर रुंद आहेत. चाकात मुद्दाम भोकं पाडली आहेत, मोर्स लिपीत जे-पी-एल लिहिणारी, आणि त्यांचा ठसा मातीत प्रत्येक फेरीला एकदा उमटतो. चाक अजिबात घसरलं नाही तर दोन ठशांमधलं अंतर १.५७ मीटर हवं. फोटोत जवळच्या ठशाशी खुणेची रुंदी मोजा, ती ४० सेंटिमीटर धरा आणि त्या मापाने पुढचं अंतर काढा. लांबची गोष्ट लहान दिसते, तेव्हा माप दोन्ही टोकांना वेगवेगळं घ्यायला हवं. समजा १.२ मीटर आलं, तर चाक सुमारे २४ टक्के घसरलं. कडक जमिनीवर आडव्या पट्ट्या एकसारख्या, धारदार उमटतात; भुसभुशीत वाळूत त्या जवळजवळ येतात, कडा ढासळतात, आणि फार घसरलं तर नुसती खणल्यासारखी नाळ उरते. पर्सिव्हरन्सच्या चाकांत मोर्सची भोकं नाहीत, त्याला ही युक्ती चालत नाही, पण पट्ट्यांच्या गर्दीवरून अंदाज येतो.

रोव्हरही हेच मोजतो, चित्रांवरून. घसरण ठरवलेल्या मर्यादेपुढे गेली, चाकांच्या आधाराचा कोन फार वाकला, कलणं वाढलं, किंवा रस्ता शोधता शोधता ठरलेली वेळ संपली, तर तो जागीच थांबतो आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहतो. नोंदवहीत हे असं दिसतं: ड्राइव्हचा आकडा थोडासाच वाढतो, आणि पुढच्या सोलला जवळून घेतलेले हॅझकॅम फोटो जास्त येतात. क्युरिऑसिटीच्या बाबतीत एक अपवाद आहे. त्याच्या चाकांचा पत्रा फक्त पाऊण मिलिमीटर जाड आहे आणि २०१३ पासून त्यात भोकं पडलेली दिसली. म्हणून हातावरच्या कॅमेऱ्याने अधूनमधून चाकांचे फोटो घेतात आणि त्यासाठी रोव्हर थोडा थोडा सरकवतात. अशा सोलची छोटी चाल बिघाड म्हणून लिहू नका.

वेगाबद्दल मुलं विचारतीलच. पर्सिव्हरन्सचा सपाट जमिनीवरचा कमाल वेग सेकंदाला ४.२ सेंटिमीटर, म्हणजे तासाला सुमारे १५० मीटर. ४११ मीटरला न थांबता पावणेतीन तास लागतील. एवढं एका दुपारी जमतं, कारण त्याच्याकडे चित्रं तपासायला वेगळा संगणक आहे आणि तो चालता चालता पुढचा रस्ता ठरवतो. क्युरिऑसिटी स्वतः रस्ता शोधताना थांबून विचार करतो, मग पुढे जातो. आधीचा ऑपॉर्च्युनिटी २००५ मध्ये एका सोलला २१९ मीटर चालला होता. तो विक्रम पर्सिव्हरन्स येईपर्यंत टिकला. एकूण अंतरात मात्र ऑपॉर्च्युनिटीचे ४५.१६ किलोमीटर अजून लक्षात ठेवण्यासारखे आहेत. तुमच्या नकाशाच्या कडेला ती खूण करून ठेवा.

शेवटी मोठ्या खंडाबद्दल. साधारण दर २६ महिन्यांनी मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो. मधल्या तप्त वायूमुळे आज्ञेतला एखादा भाग गाळला जाण्याची भीती असते, म्हणून सुमारे दोन आठवडे आज्ञा पाठवणं बंद ठेवतात. रोव्हर जागेवर उभा राहून हवामानासारखी कामं करत राहतो. त्या काळात सोल वाढत जातील, साइट-ड्राइव्ह तेच राहतील. वहीत रिकाम्या ओळी सोडू नका. प्रत्येक सोलपुढे तोच क्रमांक लिहा, नाहीतर नंतर आलेले जुने फोटो कुठल्या ओळीत बसवायचे हे कळणार नाही.